‘परत घेणार नाही’ एवढे लिहिले म्हणजे सुटलो का?

पाडव्याला किंवा दसऱ्याला नवा ट्रॅक्टर दारात आला, हार-नारळ झाला, की जुन्याचे काय करायचे हा प्रश्न येतो. पूर्वी त्याचे गिऱ्हाईक पंचक्रोशीतच मिळे. घेणारा ओळखीचा, विकणारा ओळखीचा, आणि ट्रॅक्टरने किती नांगरट केली, कोणत्या ओढ्यात उलटला, हे साऱ्या गावाला ठाऊक. आता घरातला पोरगा मोबाईलवर चार फोटो काढतो आणि ओएलएक्सवर, फेसबुकच्या मार्केटप्लेसवर आणि तालुक्याच्या दोन-तीन व्हॉट्सॲप गटांवर टाकून देतो. खाली लिहितो, ‘सिंगल हँड वापर. इंजिन ओके. एक रुपयाचे काम नाही. जसा आहे तसा. विकल्यावर परत घेतला जाणार नाही.’ संध्याकाळपर्यंत तीन जिल्ह्यांतून फोन येतात.

ही जाहिरात पुन्हा एकदा वाचा. ‘एक रुपयाचे काम नाही’ ही हमी झाली. ‘जसा आहे तसा’ म्हणजे हमी नाही. एकाच दमात दोन्ही! गिऱ्हाईक यावे म्हणून हमी पाहिजे आणि उद्या तंटा झाला तर बिनहमीही पाहिजे. आमच्या कानावर जुन्या मालाची जी भांडणे येतात त्यांतली निम्मी या दोन वाक्यांच्या फटीतूनच निघालेली असतात.

भांडणाचा साचा ठरलेला आहे. घेणारा लांबून येतो, सोबत एखादा मेव्हणा, फार तर गावातला फिटर. ट्रॅक्टर चालू करून बघतात, चहा होतो, विसार दिला जातो. चार दिवसांनी रोटाव्हेटर लावला की लिफ्ट भार धरत नाही किंवा ऑईल धुरात जाते. फोन केला की समोरचा म्हणतो, ‘दादा, जाहिरातीतच लिहिलं होतं, परत नाही.’ घेणारा म्हणतो, ‘जाहिरातीतच लिहिलं होतं, काम नाही.’ दोघेही खरे बोलतात. मग तंटामुक्त समितीकडे, पोलीस पाटलाकडे, नाहीतर आमच्यासारख्यांकडे येतात आणि विचारतात, कायदा काय म्हणतो?

कायद्याकडे जाण्याआधी बैलबाजाराकडे जाऊ. तिथे ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या सुटलेली आहे. घेणारा बैलाचे दात बघतो, खुर बघतो, चालवून आणि जुंपून बघतो. इतके बघून घेतलेला बैल ‘थोडा दमकस कमी आहे’ म्हणून परत नेला तर बाजार हसतो. पण बैल बशा असेल, औताला मध्येच खाली बसत असेल, किंवा मारका असेल आणि विकणाऱ्याने ते लपवले असेल, तर चार जाणती माणसे विकणाऱ्यालाच बोल लावतात. खोड सांगून विकला तर पैसे कमी येतात, पण व्यवहार तिथेच मिटतो. डोळ्यांना दिसणारा दोष घेणाऱ्याच्या माथी, आणि फक्त घरच्यालाच ठाऊक असलेली खोड विकणाऱ्याच्या माथी. दावणीला बांधून एक रात्र काढल्याशिवाय जी कळत नाही, तिला खोड म्हणायचे.

आता गंमत बघा. १८७२ चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे आणि फसवणूक म्हणजे काय हे समजावताना त्याने जनावराचेच उदाहरण घेतले आहे. फक्त बैलाऐवजी घोडा. एकाने लिलावात घोडा विकला. घोड्यात दोष आहे हे त्याला ठाऊक होते, पण तो काही बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. नुसते गप्प राहणे म्हणजे लबाडी नाही. पण पुढे तोच कायदा म्हणतो की, घेणारा जर विकणाऱ्याला असे बोलला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निरोगी आहे असं मी धरतो,’ आणि त्यावरही विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच धरायचे. आणखी एक उदाहरण आहे. घेणारी व्यक्ती विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच दोष सांगणे त्याच्यावर बंधनकारक होते.

दीडशे वर्षांपूर्वीचा हा घोडा आज तुमच्या व्हॉट्सॲपवर कसा उपयोगी पडतो ते बघा. जुना ट्रॅक्टर, मोटर, थ्रेशर, काहीही घ्यायला निघण्याआधी एक ओळ लिहून पाठवा: ‘यात मोठे काम निघालेले आहे का, अपघात झालेला आहे का? तुम्ही काही कळवले नाही तर नाही असे समजून मी येतो.’ उत्तर आले तर लेखी झाले. आले नाही, तरी तुमच्या बाजूला एक भक्कम कागद झाला. फोनवर विचारू नका. फोनवरचे बोलणे वाऱ्यावर जाते.

आणि खोटे बोलून माल गळ्यात मारला असेल तर? दोष मुद्दाम लपवणे, म्हणजे फुटलेल्या हाउसिंगवर पुट्टी भरून रंग मारणे किंवा तास दाखवणारे मीटर बदलणे, हे नुसते गप्प राहणे नव्हे. ही सरळ फसवणूक, आणि अशा वेळी करार रद्द करण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे. ‘परत घेणार नाही’ या तीन शब्दांनी फसवणूक धुऊन निघत नाही. ‘तू नीट बघायला हवं होतंस’ ही सबबही तिथे चालत नाही. ती सबब चालते ती चुकून दिल्या गेलेल्या माहितीपुरती, किंवा जिथे तक्रार नुसत्या गप्प राहण्याची आहे आणि साध्या काळजीनेही दोष दिसला असता तिथे.

मग ‘जसा आहे तसा’ याला काहीच किंमत नाही का? आहे. चांगली आहे. दुसरा कायदा आहे १९३० चा माल विक्री कायदा. त्याचे मूळ धोरण, घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत असेच आहे. मालाची प्रत किंवा तो अमुक कामाला चालेल याची आपोआप हमी नसते. अपवाद आहेत, पण त्यांचा भर त्या मालाचा धंदाच करणाऱ्यावर आहे. वर्णनावरून विकलेला माल मात्र वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे, मग विकणारा कोणीही असो. कायद्याने गृहीत धरलेल्या अटी दोघांनी उघडपणे ठरवून बाजूला ठेवल्या तर कायद्याची त्याला आडकाठी नाही. म्हणून एखाद्याने प्रामाणिकपणे ‘जुना आहे, हमी नाही, बघून घ्या’ म्हटले, घेणाऱ्याने बघून घेतला, आणि महिन्याने क्लच गेला, तर विकणाऱ्याला दोष देता येत नाही. जुन्या मालाची किंमत कमी असते ती याचसाठी. नव्याची हमी जुन्याच्या भावात मागणारी गिऱ्हाइकेही काही कमी नाहीत. पंधरा वर्षे वापरलेला ट्रॅक्टर घ्यायचा आणि पहिल्याच पावसाळ्यात गिअरबॉक्स वाजला म्हणून पैसे परत मागायचे, हा न्याय नव्हे.

विकणाऱ्यांना आमचे सांगणे असे की, ‘परत नाही’ हे मोघम वाक्य लिहिण्यापेक्षा दोषच लिहा. ‘लिफ्ट जड औजार धरत नाही. पुढचा एक टायर रिमोल्ड. इंजिनचे काम एकदा झालेले.’ मोटरीला लिहा, ‘दोनदा भरलेली आहे.’ ठिबकच्या नळ्यांना लिहा, ‘क्षाराने काही ड्रीपर बंद, साफ करावे लागतील.’ जे लिहून दिले त्याबद्दल घेणारा पुन्हा तोंड उघडू शकत नाही. भावात थोडे उतरावे लागेल, कबूल. पण घेऊन गेलेला माणूस महिन्याने चार माणसे घेऊन दारात येतो, त्याचाही खर्च धरा की राव.

घेणाऱ्यांनीही जाहिरातीवर न जाता माल अंगाखांद्याने बघावा. जाण्याआधी सांगा, ‘इंजिन गार ठेवा, मी आल्यावर चालू करू.’ पोचल्यावर आधी बोनेटला हात लावा. गरम लागले तर समजा, सकाळी बराच वेळ चालवून ठेवलेले आहे. गार इंजिन किती सेल्फ घेते आणि पहिला धूर कोणत्या रंगाचा, यावर निम्मी पारख होते. घट्ट ऑईल ओतून आवाज आणि धूर काही दिवस दाबता येतो, म्हणून डिपस्टिक काढून बोटावर ऑईल बघा. लिफ्टवर रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद करा आणि चहा होईपर्यंत बघत राहा. खाली येत गेला तर हायड्रॉलिकचे काम आहे. गाईचे म्हणाल तर तिथेही मोबाईलवरचा व्हिडिओ काय दाखवतो? आदल्या वेळचे दूध न काढता कास तुंबवलेली गाय कोणालाही भारी वाटते. दोन वेळचे दूध समोर काढून, चारही सड मोकळे बघून मगच बोला.

यापेक्षाही एक जुनी चांगली रीत आपल्याकडे होती: जांगड. माल घरी न्यायचा, वापरून बघायचा, पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर ठरल्या दिवशी परत. १९३० च्या कायद्यातही तिला जागा आहे. पसंतीवर दिलेला माल घेणाऱ्याने पसंत असल्याचे कळवले, किंवा नापसंतीचे न कळवता ठरलेली मुदत ओलांडली, की तो विकला गेला असे धरतात. मुदत ठरलेली नसेल तर वाजवी मुदत धरायची. फवारणी पंप, कडबाकुट्टी, मोटर, मोबाईल यांना ही रीत आजही उत्तम. फक्त लिहा: ‘तीन दिवस जांगड. आणायचा-न्यायचा खर्च घेणाऱ्याचा. मोडतोड केल्यास भरून द्यायची.’ नेमके एवढेच न लिहिल्यामुळे लोक परतीवरून भांडतात. परत तर घेतो, पण टेम्पोचे भाडे कोणी द्यायचे?

आणि दोष निघालाच तर घेणाऱ्याने काय करावे? बहुतेक जण इथेच चुकतात. रागाने फोन करतात, शिव्या देतात आणि दुसऱ्या दिवशी तोच ट्रॅक्टर घेऊन पाळी घालायला जातात. माल नाकारायचा असेल तर तो वापरणे बंद करा आणि लगेच लेखी कळवा, दोष काय आणि मी माल नाकारतो, एवढेच. वेगळे ठरलेले नसेल तर नाकारलेला माल विकणाऱ्याच्या दारात नेऊन पोचवण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. नाकारल्याचे कळवणे कायद्याने पुरेसे आहे. पण वाजवी मुदतीत कळवले नाही किंवा मालकासारखे वापरत राहिलात, तर माल स्वीकारला असे होते. मग परत करण्याची भाषा संपते, उरते ती फक्त भरपाईची.

जाहिरातीचा स्क्रीनशॉट ज्या दिवशी बघितलीत त्याच दिवशी काढून ठेवा. व्यवहार झाला की जाहिरात गायब होते, आणि गटावरचा मेसेज ‘सर्वांसाठी डिलीट’ होतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही अशा इलेक्ट्रॉनिक नोंदी पुरावा म्हणून चालतात. कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, ते वकील सांगतील. ज्या मोबाईलवर मेसेज आले तो मोबाईल मात्र मोडीत काढू नका.

इथवर बोललो ते घरगुती विकणाऱ्याबद्दल. जुन्या ट्रॅक्टरचे, जुन्या मोबाईलचे दुकान मांडून बसलेला, मोबाईलवरून रोज माल विकणारा, याची गोष्ट वेगळी. त्याला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू होतात. ऑनलाइन बाजारावर धंदा म्हणून विकणाऱ्याने पाठवलेला माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर तो परत घ्यायला त्याला नाही म्हणता येत नाही. त्या बाजाराने तक्रार अधिकारी नेमायचा, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्यात निकाल लावायचा. जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणे, बिल न देणे, आणि सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे, या साऱ्यांना कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा म्हटले आहे. दुकानात लावलेली ‘विकलेला माल परत घेतला जात नाही’ ही पाटी म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे. घरचा एखादा जुना माल सहज विकणाऱ्या माणसाला मात्र ई-कॉमर्सचे हे नियम लागू नाहीत, हे दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवा.

‘शेतीसाठी घेतलं म्हणजे धंद्यासाठी घेतलं, तू ग्राहक नाहीस,’ असे दुकानदाराचा वकील म्हणेल. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने धंद्याची धरत नाहीत. आणि शेतकरी हा ग्राहक आहे असे सर्वोच्च न्यायालयाने बियाण्यांच्या खटल्यात २०१२ साली सांगून ठेवले आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. पाच लाखांपर्यंत दिलेल्या किमतीच्या व्यवहाराला फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा.

आता कागदपत्रांकडे. खरा घात इथे होतो, आणि तो विकणाऱ्याचा होतो. पैसे मोजून घेतले, शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर सौदापावती केली, नोटरीचा शिक्का बसला, की आपली जबाबदारी संपली असे वाटते. ट्रॅक्टर, ट्रॉली, मोटरसायकल यांची मालकी आरटीओच्या दप्तरी तुमच्याच नावावर राहते. मोटार वाहन कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने त्याच राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. त्याचे फॉर्म २९ आणि ३०. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची नाहरकत. हे न केल्यास काय होते ते सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सांगितले. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी फिरली होती. आरसी बुक मात्र पहिल्याच्याच नावावर. अपघात झाला. न्यायालय म्हणाले, दप्तरी ज्याचे नाव तोच मालक, भरपाई त्याच्या माथी. म्हणजे तुम्ही विकलेल्या ट्रॅक्टरने परजिल्ह्यात कोणाला उडवले तर समन्स तुमच्या दारात. ‘परत घेणार नाही’ म्हटले होते, पण अपघाताचे बालंट परत आलेच ना!

विसाराचेही तसेच. विसार म्हणून दिलेली रक्कम घेणारा फिरला तर बुडते. नुसता ॲडव्हान्स म्हणून दिलेली बहुधा परत द्यावी लागते. पावतीवर कोणता शब्द लिहिला आहे आणि सौदा मोडला तर रक्कम कोणाची, हे आधी ठरवा. अनुदानावर घेतलेले औजार असेल तर मुदतीआधी ते विकायला मनाई आहे का, हे मंजुरीच्या कागदात आधी बघा.

जुना मोबाईल घेताना स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून पंधरा आकडी आयएमईआय नंबर बघा. केवायएम, जागा सोडून तो नंबर, असा संदेश १४४२२ वर पाठवला की तो ब्लॅकलिस्टमध्ये आहे का ते कळते. चोरीच्या मालाची मालकी पैसे मोजूनही मिळत नाही. पोलिसांनी नेला की मोबाईलही गेला आणि पैसेही. बिल आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घेतल्याशिवाय हात लावू नका.

पैशांच्या चोरांबद्दल थोडक्यात सांगतो. ‘मी लष्करात आहे, बदली झाली, गाडी स्वस्तात द्यायचीय, आधी भाडे पाठवा,’ असे म्हणणारा बहुतेक वेळा लष्करात नसतो. आणि तुम्ही विकणारे असाल, समोरचा ‘पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणाला, तर फोन ठेवा. यूपीआयचा पिन पैसे देताना टाकतात, घेताना नाही. पैसे गेलेच तर तासाभरातच १९३० वर फोन. (माल विक्रीच्या कायद्याचे साल आणि हा नंबर एकच आहे, लक्षात ठेवायला सोपे.)

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (तुमच्या-आमच्या तोंडी अजून ग्रामसेवकच) आणि पोलीस पाटलांना दोन शब्द. ग्रामपंचायतीच्या निर्लेखित सामानाच्या लिलावात तुम्हीही नोटिशीवर ‘जसे आहे, जेथे आहे’ लिहिता. लिहा, पण त्याखाली माल बघण्याचा दिवस आणि वेळ द्या आणि ठाऊक असलेले दोष नोंदवा. जळालेली मोटर ‘जुनी मोटर’ म्हणून विकू नका. दुसरे, सौदापावतीचा एक छापील नमुना कार्यालयात ठेवा. वस्तूचे वर्णन, चेसिस आणि इंजिन नंबर, ठाऊक असलेले दोष, जांगड असल्यास किती दिवस, परत आणण्याचा खर्च कोणाचा, विसार किती आणि सौदा मोडल्यास कोणाचा, आरटीओचे फॉर्म कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत भरणार, आणि खाली दोघांच्या व दोन साक्षीदारांच्या सह्या. एका पानात बसते. तंटामुक्त समितीच्या बैठकीत तीन तास घालवण्यापेक्षा ही झेरॉक्स स्वस्त पडेल. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घेतलात तर नमुना तिथेच वाचून दाखवा आणि जुना ट्रॅक्टर विकायला काढलेल्यांना पहिली प्रत द्या.